अधिक

डॉक्टर फिंडलेंनी कागद माझ्याकडे फिरवला.
कवायतीला उंचीनुसार उभी केलेली पोरं असावीत
तशा काळ्या आखूड जोड्या,
आणि शेवटच्या रांगेत दोनाऐवजी तीन.
"हा एक एक्स," ते म्हणाले, "जास्तीचा."
पेनाचं टोक त्यांनी कागदाला लागू दिलं नाही.
बाहेर टे नदीवर धुकं,
पूल अर्धाच दिसत होता,
आणि मी अडतीस वर्षांचा.

सहाशे पुरुषांत एखादा, असं पत्रकात होतं,
बहुतेकांना आयुष्यभर कळतच नाही.
परतताना बसमध्ये मी डोकी मोजली.
नऊ. त्यांतल्या चार बायका.

आपल्याकडे याला फुली म्हणतात.
चुकलेल्या गणितावर,
पाडायच्या घराच्या भिंतीवर.
सुनेत्राला मी तसंच सांगितलं,
"देवानं एक फुली जास्त मारली."
ती हसली नाही. कढई घासून पालथी घातली,
हात पुसले, मग म्हणाली,
"इथे मतदानाला फुलीच मारतात.
जो हवा, त्याच्या नावापुढे."

इचलकरंजीत अण्णा ताग्यावरून बोट फिरवायचे
डोळे मिटून.
एकाच घरात दोन तारा आल्या की बोट थांबायचं.
"डबल आलंय. सेकंडात टाका."
मी त्यांच्याहून वीतभर उंच,
बोलायला लागलो उशिरा,
पंचगंगेत उतरताना बनियन काढायचो नाही.
पोरं काय म्हणायची ते इथे लिहीत नाही.
अण्णांना दिसलं नसेल असं नाही.
पण त्यांचं बोट माझ्यावर कधी थांबलं नाही,
एवढं मला आठवतं.
गुणसूत्र.
शब्दातच सूत आहे, आणि मागवाल्याच्या पोराला
ते दिसायला डंडीपर्यंत यावं लागलं.

मग ऑपरेशन. तीन तास सूक्ष्मदर्शक लावून
माझ्यात शोधत होते.
मोराग नावाच्या नर्सनं सांगितलं, काही मिळालं नाही,
आणि टोस्ट आणून ठेवला,
लोणी अगदी कडेपर्यंत लावलेला.
मी तो सगळा खाल्ला. भूक लागली होती.

आता रोज सकाळी खांद्यांना जेल.
वाळेपर्यंत कुणी शिवायचं नाही.
बाथरूममध्ये हात पसरून मी उभा,
बुजगावणं,
आणि दाराबाहेरून सुनेत्रा, "वाळलं?"

ज्येष्ठ अधिक आला. कराडहून सासूबाईंचा फोन,
"धोंड्याचा महिना, जावयाला वाण नको का?"
त्यांना आम्ही अजून काही सांगितलेलं नाही.
त्या बोलतच होत्या, फोन स्पीकरवर,
लग्न नाही, मुंज नाही, वास्तू नाही,
बिचाऱ्याला कुणी विचारीना,
मलमास म्हणायचे,
"म्हणून तर देवानं स्वतःचं नाव दिलं. पुरुषोत्तम."
सुनेत्राची सुरी कांद्यात थांबली.
मी नुसतं हं म्हणालो.

पार्सल अकरा दिवसांनी आलं.
कस्टम्सच्या कागदावर "मिठाई, ३३ नग".
रात्रीचे दहा वाजून गेले तरी इथे उजेड.
तिनं टेबलावर वर्तमानपत्र पसरून अनारसे मांडले,
मोजले,
परत मोजले.
चौतीस.
डब्याच्या तळाशी चिठ्ठी, तुपानं पारदर्शक झालेली:
एक अधिक घातलाय. वाटेत मोडला-बिडला तर.

दोन मोडले होते.
आणि उरलेल्यांत अधिकचा कोणता,
ते काही ओळखू येईना.
तिनं एक उचलून खिडकीशी धरला.
जाळी छान पडली होती,
उजेड बारीक बारीक होऊन आत येत होता.
मग माझ्या खांद्याकडे डोकं आणता आणता
सवयीनं थबकली,
"वाळलं?"

"कधीचंच."